पेनाइन खोऱ्यांतील हस्तघंटावृंद : उदय, स्पर्धा आणि विराम

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांच्या सीमेवर पेनाइन नावाची डोंगरांची ओळ दक्षिणोत्तर पसरलेली आहे. तिच्या दोन्ही उतारांवरील अरुंद खोऱ्यांत अठराव्या शतकात हातमागावर लोकर विणणारी खेडी होती. एकोणिसाव्या शतकात तीच खेडी गिरण्यांची गावे झाली. हडर्सफील्ड, आमंडबरी, होमफर्थ, डूझबरी, सॅडलवर्थ, ऑल्डम ही त्यांतील काही नावे. या प्रदेशाचा सामाजिक इतिहास लिहिताना यंत्रमोडे विणकर, चार्टिस्ट चळवळ, मेथॉडिस्ट पंथ, १८४४ मध्ये रॉचडेल येथे उघडलेले सहकारी भांडार यांचा परामर्श विस्ताराने घेतला जातो आणि करमणुकीच्या प्रकरणात पितळी वाद्यांच्या बँडलाही मानाचे स्थान मिळते. त्याच गावांत, बहुधा त्याच स्तरातील माणसांनी जोपासलेल्या हस्तघंटावादनाची बोळवण मात्र एखाद्या वाक्यात होते. इंग्रजीत ज्याला ‘हँडबेल’ म्हणतात ते हे वाद्य. त्याच्या स्पर्धा मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५५ पासून १९२६ पर्यंत भरत होत्या. सत्तर वर्षे टिकलेली आणि नंतर जवळजवळ निःशब्दपणे ओसरलेली ही परंपरा कशी निर्माण झाली आणि तिच्या शेजारचा बँड तगून राहिला असता ती का मावळली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या वाद्याचे मूळ चर्चच्या मनोऱ्यात आहे. संगीतसभेशी त्याचा आरंभी काही संबंध नव्हता. इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत मनोऱ्यातील घंटा पूर्ण चाकावर बसविण्याची पद्धत रूढ झाली. अशी घंटा दोर ओढताच पुरते वर्तुळ फिरते आणि तोंड वर करून क्षणभर स्थिरावते. त्यामुळे वाजविणाऱ्यास तिचा ठोका किंचित लवकर वा किंचित उशिरा पाडता येतो. परंतु केवळ किंचितच. शेकडो शेर वजनाची वस्तू एकदा गतिमान झाली म्हणजे तिच्याकडून गाण्याच्या चालीप्रमाणे वाटेल त्या क्षणी ठोका मिळणे अशक्य. शक्य असते ते एवढेच की, एका फेरीत तिसऱ्या क्रमांकावर वाजलेल्या घंटेने पुढील फेरीत दुसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर यावे. या यांत्रिक मर्यादेतून एक विलक्षण शास्त्र जन्मास आले. शेजारच्या जोड्या बदलत बदलत घंटांचे सर्व संभाव्य क्रम वाजवावयाचे आणि कोणताही क्रम दुसऱ्यांदा येऊ द्यावयाचा नाही, असा त्याचा नियम. रिचर्ड डकवर्थ यांचा ‘टिंटिनॅलॉजिया’ हा ग्रंथ १६६८ मध्ये आणि मुद्रक फेबियन स्टेडमन यांचा ‘कँपॅनॅलॉजिया’ १६७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळापर्यंत हे शास्त्र चांगलेच प्रगत झाले होते. पाच घंटांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४० आणि आठांचे ४०,३२० क्रम होतात. नॉरिच येथील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी ५०४० क्रमांचे संपूर्ण वादन झाले, ते या प्रकारातील पहिले निर्दोष वादन मानले जाते. अशा वादनास सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे सर्व क्रम एकाच आठ जणांच्या चमूने बदली न घेता वाजविण्यास मात्र १९६३ साल उजाडावे लागले. लफबरो येथे त्या वर्षीच्या जुलैत झालेले ते वादन जवळजवळ अठरा तास चालले.

५०४० ही संख्या मराठी अभ्यासकास अपरिचित नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यात सात स्वरांच्या कूटतानांचा हाच हिशेब आहे आणि दिलेल्या क्रमांकावरून तान व तानेवरून क्रमांक काढण्याची खंडमेरूची रीतही आहे. या दोहोंत देवाणघेवाण झाली असे सुचविण्यास कोणताही आधार नाही. गणित एकच असल्यामुळे उत्तर एकच आले इतकेच. परंतु भेद उद्‌बोधक आहे. देवगिरीच्या पंडिताला ही प्रस्तारसंख्या एका गायकाच्या कंठाची संभाव्य संपत्ती म्हणून हवी होती, तर नॉरिचच्या घंटावादकांना ती प्रत्यक्ष, घाम गाळून, सात-आठ जणांच्या परस्परसहकार्याने एका बैठकीत संपवावयाची होती.

हस्तघंटा ही या उद्योगाची पाटी-पेन्सिल होय. मनोऱ्यातील खोली थंड असे, सरावाच्या चुका सबंध गावाला ऐकू जात आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती मर्यादित असे. तेव्हा वादकांनी घरात किंवा मद्यगृहाच्या उबदार खोलीत बसून, प्रत्येकाने दोन्ही हातांत एकेक लहान घंटा घेऊन क्रमांचा अभ्यास करण्याचा प्रघात पाडला. विल्टशरमधील ऑल्डबोर्न या लहानशा गावचे विल्यम आणि रॉबर्ट कॉर हे ओतारी बंधू सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पहिल्या पादापर्यंत काम करीत होते. सुरात लावलेल्या हस्तघंटा प्रथम त्यांनी ओतल्या असे सामान्यतः मानले जाते. धातू मनोऱ्यातील घंटेचाच, म्हणजे कासे : सुमारे चार भागांस थोडे कमी तांबे आणि एका भागास थोडे अधिक कथील. रचना मात्र निराळी होती. देवळातील घंटेचा लोळा, म्हणजे तिची जीभ, कोणत्याही दिशेस हेलकावते. हस्तघंटेचा लोळा खिळीवर बसविलेला असल्यामुळे एकाच प्रतलात पुढे-मागे हलतो आणि लहानशा कमानीमुळे ठोका पडताच धातूपासून दूर होतो. त्यामुळे एका झटक्यास एकच ठोका मिळतो, नाद खुला राहतो आणि चामड्याच्या पट्ट्याची मूठ धरणाऱ्यास ठोक्याचा क्षण अचूक साधता येतो.

नादाच्या दृष्टीनेही एक फरक सांगण्यासारखा आहे. मनोऱ्यातील मोठ्या घंटेच्या मूळ स्वराबरोबर कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो; तिच्या नादातील उदास छटेचे कारण बव्हंशी हेच. इंग्लिश हस्तघंटेत मूळ स्वराखालोखाल प्रमुख असतो तो तार सप्तकातील पंचम. षड्जाशी पंचमाचे नाते निर्मळ असल्यामुळे अशा अनेक घंटा एकत्र वाजल्या तरी स्वरसंवाद गढूळ होत नाही. हा गुण नसता तर हस्तघंटा सरावाचे साधन म्हणूनच राहिली असती.

ती तशी राहिली नाही. हातातील घंटा हलकी असल्यामुळे मनोऱ्यातील यांत्रिक बंधन तिला नव्हते. तिच्यावर चाल वाजविता येत होती. नाताळच्या दिवसांत मनोऱ्यातील वादक हस्तघंटा घेऊन घरोघरी फिरत, परिचित स्तोत्रांच्या चाली वाजवीत आणि नाणी व पेय गोळा करीत. वर्षातून एकदा ओळखीच्या उंबरठ्यावर येणारे हे वादन, कलाव्यवसाय आणि याचना यांच्या सीमारेषेवरचे होते. त्यातून चाली वाढल्या, चालींसाठी अर्धस्वर हवेत म्हणून घंटा वाढल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आठ-बारा घंटांचा संच अनेक सप्तकांचा झाला.

याच सुमारास मनोऱ्यातील वादक आणि धर्मोपदेशक यांच्यात बेबनाव वाढत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. वादक हे चर्चच्या मनोऱ्यात वावरत असले तरी उपासनेला थांबतीलच असे नव्हते. त्यांचे स्वतःचे नियम, स्वतःचे दंड आणि बहुधा स्वतःचे बिअरचे पिंप असे. ग्लॉस्टरशरमधील बिटन येथील पाद्री हेन्री एलकोम्ब यांनी १८२१ मध्ये सर्व घंटांचे हातोडे एका चौकटीत जोडून एकाच माणसास त्या वाजविता येतील अशी युक्ती बसविली. बेशिस्त वादकांची गरजच संपवावी हा तिच्यामागील एक हेतू होता. ही युक्ती पुढे पुष्कळ चर्चमध्ये पोहोचली आणि साम्राज्याबरोबर परदेशांतही गेली. जेथे आठ माणसांचा संघ लागत होता तेथे एक नोकर पुरेसा व्हावा, ही कल्पना गिरणीच्या शतकाला शोभणारीच होती. उत्तरेकडील घंटावृंदांचा इतिहास वाचताना या घटनेची आठवण ठेवावी. कारण त्यांनी नेमकी उलट दिशा धरली. एका माणसाला जे कोणत्याही युक्तीने साधणार नाही असे संगीत त्यांनी रचले.

या वादनाचा लौकिक प्रथम पसरविला तो एका थापेने. लँकेशरमधील घंटावादकांचा एक संच १८४० च्या सुमारास इंग्लंडात कार्यक्रम करीत असे. अमेरिकन तमाशेवाले फिनियस बार्नम यांनी त्यांना १८४४ मध्ये करारबद्ध करून अमेरिकेस नेले, ते मिशा वाढविण्याच्या, रंगीबेरंगी पोषाख घालण्याच्या आणि ‘स्विस घंटावादक’ म्हणवून घेण्याच्या अटीवर. आपल्याला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नाही, मग आपण स्विस कसे ठरणार, असा रास्त प्रश्न त्यांनी विचारला. तुम्ही आता जसे बोलता तसेच बोलत राहिलात तर अमेरिकेत कोणाला काही कळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर आपण दिल्याचे बार्नम यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात मोठ्या खुशीने नमूद केले आहे. हा मजकूर बार्नम यांचा असल्यामुळे जपूनच घ्यावयास हवा. तथापि ‘स्विस’ हे बिरुद पुढे दशकानुदशके अनेक घंटावादकांना चिकटून राहिले. लँकेशरच्या खोऱ्यातील कारागिरांची कला स्वतःच्या नावाने विकली जात नव्हती, ती आल्प्सच्या नावाने विकली गेली.

खुद्द खोऱ्यांत मात्र कोणालाही मिशा लावण्याची गरज भासली नाही. तेथे घंटावृंद फोफावले त्याची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले वेळेचे. १८४७ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचा दिवस दहा तासांचा झाला, आणि १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांचे काम थांबविणे बंधनकारक ठरले. त्यांच्यावाचून यंत्रे चालत नसल्यामुळे पुरुषांनाही त्या सुट्टीचा लाभ झाला. दुसरे कारण रेल्वेचे : मँचेस्टर आणि लीड्स ही शहरे १८४१ मध्ये जोडली गेली होती आणि १८४९ पासून हडर्सफील्डहून मँचेस्टरला सरळ जाता येऊ लागले. तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे. या प्रदेशातील सामान्य माणसास सामुदायिक गायनाची सवय होती. मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरांनी ती लावली होती. हडर्सफील्डची गायनसंस्था १८३६ मध्येच स्थापन झाली होती. चार स्वरांच्या पट्टीत आपला भाग सांभाळणे म्हणजे काय, हे येथील विणकराला शिकवावे लागत नव्हते.

या तिन्ही कारणांचे पैशात रूपांतर करणारा पुरुषही मँचेस्टरला होता. जॉन जेनिसन हे मूळचे स्टॉकपोर्टचे माळी. त्यांनी १८३६ मध्ये बेल व्ह्यू येथे प्राणिसंग्रहालय आणि उद्यान उघडले. रेल्वेने सहलीस येणाऱ्या कामगारांवर त्याचा प्रपंच चाले. तेथे १८५३ मध्ये पितळी बँडच्या आणि १८५५ मध्ये हस्तघंटावृंदांच्या स्पर्धा सुरू झाल्या. पीटर बेली यांच्या १८७८ नव्हे तर १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून ‘विवेकी करमणूक’ ही संज्ञा अभ्यासकांत रूढ झाली आहे. वरिष्ठ वर्गाने कामगारांना मद्यगृहातून बाहेर काढून सुसंस्कृत छंदांकडे वळविण्याचा जो प्रयत्न केला तो तिने सूचित होतो. घंटावृंदांना या चौकटीत बसविण्याचा मोह होतो. परंतु पुरावा तिला पुरेशी साथ देत नाही. बेल व्ह्यू हे परोपकाराचे क्षेत्र नव्हते. तेथे प्रवेशमूल्य होते, बिअर होती, रात्री शोभेची दारू उडत असे. बँडच्या बाबतीत मालकांचे आश्रयदातृत्व उघड दिसते : क्वीन्सबरी येथील गिरणीमालक जॉन फॉस्टर यांनी १८५५ मध्ये आधार दिलेला ब्लॅक डाइक मिल्स बँड आपल्या नावातच गिरणी बाळगतो. घंटावृंदांची नावे पाहिली तर आमंडबरी, लिव्हरसेज, क्रॉसलँड मूर, सॅडलवर्थ अशी गावांची किंवा वस्त्यांची आहेत. एवढ्यावरून मालकांचा हात मुळीच नव्हता असे विधान करता येणार नाही; पण ओळख गावाची होती, कारखान्याची नव्हती, हे निश्चित.

या वृंदांनी वाजविले ते काय आणि कसे, हा भाग सर्वांत मनोरंजक आहे. दक्षिणेकडील रीतीत प्रत्येक वादक दोन हातांत दोन किंवा फार तर चार घंटा घेऊन बसतो आणि त्या सोडत नाही. यॉर्कशरच्या वृंदांनी लांब मेजे मांडली, त्यांवर जाड मऊ आच्छादन घातले आणि सगळा संच त्यावर आडवा ठेवला. वादकाने हवी ती घंटा उचलावी, वाजवावी आणि पुन्हा आच्छादनावर टेकवावी. टेकताच नाद थांबतो. छातीशी घंटा लावून नाद आवरण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. याचा परिणाम असा की घंटांची संख्या हातांच्या संख्येने मर्यादित राहिली नाही. पाच सप्तके, सर्व अर्धस्वरांसह, म्हणजे एकसष्ट स्वर झाले. द्रुत लयीत एकच स्वर लागोपाठ हवा असल्यास किंवा मेजाच्या दोन टोकांना हवा असल्यास त्याची दुसरी-तिसरी घंटा लागते. मोठ्या वृंदांचे संच याप्रमाणे शंभराच्या वर गेले. दहा-बारा माणसे, वीस-चोवीस हात आणि शंभरावर घंटा, असे हे प्रमाण होते. त्यांवर स्तोत्रे आणि नाताळगीते तर वाजतच, परंतु स्पर्धेत त्यांचे लक्ष्य असे ते संगीतिकांच्या पूर्ववादनांचे, मूळच्या पूर्ण वाद्यमेळासाठी लिहिलेल्या रचनांचे.

येथे एका गोष्टीचा उलगडा करणे अवश्य आहे. व्हायोलिन वाजविणारा चाल वाजवितो, बँडमधील साधा वादकही निदान एखादी सलग ओळ वाजवितो. हस्तघंटावादक चाल कधीच वाजवीत नाही. चालीतील सहावा, नववा आणि चौदावा स्वर त्याचा असतो, मधले इतरांचे. त्याच्या हातून जे निघते ते एकट्याने ऐकले तर अर्थशून्य ठोके होत. पाचव्या माणसाचा स्वर आणि आपला स्वर यांत लयीचे अंतर किती, नाद किती जोराचा, कोठे थांबवावयाचा, हे त्याला मान न वळविता कळावे लागते. चाल ही सर्वांच्या मिळून एकाच कानात असते. अशी कला दीर्घ सहवासाखेरीज साधत नाही. दिवसभर गिरणीत शेजारी उभे राहणारी, एका गल्लीत राहणारी, भाऊ, चुलते आणि मेव्हणे असणारी माणसे तीत पारंगत व्हावीत यात नवल नाही.

आता ऱ्हासाचा प्रश्न. बेल व्ह्यूची घंटास्पर्धा १९२६ नंतर झाली नाही. नभोवाणी, ग्रामोफोन आणि चित्रपट यांनी जुन्या करमणुकी बुडविल्या, हे नेहमीचे उत्तर येथेही दिले जाते. ते अपुरे आहे. ब्रिटिश नभोवाणीचे प्रक्षेपण १९२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. चार वर्षांत तिने सत्तर वर्षांची परंपरा संपविली असे मानणे कठीण. शिवाय हीच संकटे पितळी बँडवरही आली. बेल व्ह्यूची बँडस्पर्धा तरीही चालू राहिली आणि १९९७ पासून ती बर्मिंगहॅमला भरते. समान परिस्थितीत एक संस्था जगते आणि दुसरी नाहीशी होते, तेव्हा कारणाचा काही अंश परिस्थितीबाहेर, म्हणजे त्या संस्थांच्या घडणीत शोधला पाहिजे.

बँडची घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रमाणित झाली. वाद्ये ठरली, त्यांची संख्या ठरली, छापील स्वरलेखन सर्वांना एकच मिळू लागले. एका गावचा कॉर्नेटवादक दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या दिवशी बँडमध्ये उभा राहू शकत होता. घंटावृंदाचा संच मात्र ज्याचा त्याचा. कोणत्या स्वराच्या किती घंटा, त्या मेजावर कोणत्या क्रमाने मांडलेल्या, कोणाकडे किती, हे प्रत्येक गावात वेगळे. रचनांची रूपांतरे त्या संचाला आणि त्या माणसांना बेतून हाताने लिहिलेली असत आणि पुष्कळदा आकड्यांत. प्रत्येक घंटेला क्रमांक, आणि कागदावर क्रमांकांच्या रांगा. त्या गावाबाहेर तो कागद निरुपयोगी असे. बँडमधून दुय्यम कॉर्नेटचा एक वादक गेला तर ध्वनी थोडा पातळ होतो. घंटावृंदातून एक गेला तर सबंध रचनेत ठिकठिकाणी भोके पडतात. नवा माणूस घ्यावयाचा तर त्याला स्वरलेखन नव्हे, त्या विशिष्ट मेजाची सवय शिकवावी लागे, आणि तीस वर्षे लागत.

अशा घडणीवर १९१४ ते १९१८ चे युद्ध आले. उत्तर इंग्लंडात आरंभी एकाच गावची, एकाच व्यवसायाची तरुण मंडळी एकत्र भरती होऊन एकाच पलटणीत गेली. जानेवारी १९१६ च्या कायद्याने सक्तीची भरती सुरू झाली. बारा जणांच्या वृंदातून तीन जण परत आले नाहीत तर काय होते, हे वर सांगितलेच आहे. मग १९२० नंतर कापडधंद्यात मंदी आली आणि तरुणांनी कामासाठी खोरे सोडणे सुरू झाले. ज्या गुणामुळे हे वृंद असामान्य झाले, म्हणजे विशिष्ट माणसांचे विशिष्ट गावाशी पूर्ण बांधलेपण, त्याच गुणामुळे त्यांची जागा भरून काढणे अशक्य झाले. पुरुषांचीच वादक म्हणून गणना करण्याचा संकोच नसता तर काही वृंद वाचलेही असते. गिरण्यांत स्त्रिया निम्म्याहून कमी नव्हत्या, गायनसंस्थांतही त्या होत्या, मेजापाशी मात्र क्वचितच दिसतात. स्पर्धेच्या काळातील छायाचित्रांत गोंडेदार गणवेषातील मिशाळ पुरुष संचामागे ओळीने उभे असतात, इतकेच.

वादन अगदीच बंद पडले असे नाही. जून १९४० मध्ये ब्रिटनमधील चर्चच्या घंटा शत्रूच्या अवतरणाचा इशारा म्हणून राखून ठेवण्यात आल्या आणि एरवी वाजविण्यास बंदी झाली. ती १९४३ मध्ये उठेपर्यंत क्रमवादनाचा अभ्यास चालू राहिला तो हस्तघंटांवरच. पाटी-पेन्सिल पुन्हा कामास आली. चालींची परंपरा मात्र परतली ती समुद्रापलीकडून. बॉस्टनच्या मार्गारेट निकल्स (विवाहानंतर शर्क्लिफ) यांनी १९०२ मध्ये इंग्लंडात मनोऱ्यांतील घंटांवर दीर्घ वादने केली. त्यांचा गौरव म्हणून व्हाइटचॅपेल ओतशाळेच्या चालकांनी त्यांना हस्तघंटांचा छोटा संच भेट दिला. बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये ग्लॉस्टरच्या एबल रडॉल यांनी १७४४ मध्ये ओतलेल्या आठ घंटा होत्याच. शर्क्लिफ यांच्या घरातील वादनातून १९२० नंतरच्या दशकात बीकन हिलचा वृंद झाला, १९३७ मध्ये न्यू इंग्लंडचा संघ आणि १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील इप्स्विच येथे अखिल अमेरिकन संघ. संघटित चळवळीच्या उगमाशी एक स्त्री आहे, ही गोष्ट यॉर्कशरच्या पार्श्वभूमीवर ठळकपणे नजरेत भरते.

अमेरिकेत पोहोचलेल्या घंटेने आपला स्वभाव बदलला. वादकाकडे शेजारचे दोन स्वर आणि त्यांचे अर्धस्वर निश्चित झाले. छापील स्वरलेखन सर्वत्र एकच आले. चर्च आणि शाळा यांतील मुले-मुली वादक झाली. कोणीही गैरहजर राहिले तर दुसऱ्याने तीच जागा घ्यावी, अशी सोय झाली. थोडक्यात, बँडला ज्या प्रमाणीकरणाने तारले ते घंटेला येथे लाभले. किंमतही मोजावी लागली. एकेका गावाने स्वतःच्या मेजासाठी रचलेली रूपांतरे, त्यांतील हिकमती आणि अतिरेक, यांना या व्यवस्थेत जागा नव्हती. पेन्सिल्व्हेनियातील शुल्मरिक आणि नंतर मालमार्क या कारखान्यांनी चामड्याऐवजी प्लॅस्टिकच्या मुठी आणि ठोका मृदू-कठोर करता येईल असे लोळे आणले, आणि वाद्य जपान-कोरियापर्यंत गेले.

महाराष्ट्रात या कुळातील वस्तू आल्या त्या मनोऱ्यातील. पुण्यात ज्या पंचहौद मिशनच्या चहाने १८९० च्या ऑक्टोबरात रानडे-टिळकांपर्यंत सर्वांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले, त्याच मिशनच्या पवित्र नाम चर्चमध्ये इंग्लंडात ओतलेल्या आठ घंटांचा संच आहे. असाच संच मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर, १७३९ मध्ये, हाती आलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरसारख्या देवळांत टांगल्या गेल्या. तेथे त्या एकेकट्या वाजतात, येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या हाताने. पुण्या-मुंबईतील हे संच मात्र एकट्याच्या उपयोगाचे नाहीत. त्यांना आठ दोर आणि एकमेकांना ओळखणारी आठ माणसे लागतात.

ब्रिटनमध्ये १९६७ साली हस्तघंटावादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. चर्चच्या कपाटांत आणि माळ्यांवर पडलेले जुने संच बाहेर काढून दुरुस्त करण्याचे काम त्या पिढीने केले. व्हाइटचॅपेलची ओतशाळा, जिची परंपरा १५७० पासून सांगितली जाते, ती २०१७ मध्ये बंद झाली. यॉर्कशरमध्ये मेजावरून उचलून वाजविण्याची रीत आजही काही वृंदांनी सोडलेली नाही. संघटनेच्या मेळाव्यांत अनेक गावांचे वृंद एकाच सभागृहात आपापली मेजे मांडतात आणि एका संचालकाच्या हाताखाली एकच छापील रचना शेकडो घंटांवर एकदम वाजवितात. बेल व्ह्यूच्या सत्तर वर्षांत असे वादन होऊ शकले नसते. आमंडबरीचा कागद क्रॉसलँड मूरच्या मेजावर वाचताच आला नसता.